पाठ टेकली का?

वाशिम जिल्ह्याचा महाराष्ट्र केसरी कोण, असा प्रश्न सामान्यज्ञानाच्या पेपरात आला तर सिकंदर शेख असं उत्तर लिहावं लागेल. सिकंदर शेख कुठला, असा पुढचा प्रश्न आला तर मोहोळ, जिल्हा सोलापूर. दोन्ही उत्तरं बरोबर. सोलापूर, कोल्हापूर, पुणे या पट्ट्यात पैलवानांची एवढी गर्दी आहे की जिल्ह्याच्या संघात जागा मिळवणं हीच पहिली मोठी कुस्ती असते. मग तिकडचे पैलवान आमच्यासारख्या मोकळ्या जिल्ह्यांकडून उतरतात. २०१८ चा महाराष्ट्र केसरी बाला रफिक शेख बुलढाण्याकडून लढला, गाव त्याचं करमाळा तालुक्यातलं. शिवराज राक्षे पुणे जिल्ह्यातला, लढला नांदेडकडून. सिकंदर हमालाचा मुलगा, कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडलेला, आणि आखाड्यात उतरताना पुकारा व्हायचा ‘वाशिमचा सिकंदर शेख’.

आमच्या वर्गातल्या पोरांना त्यातलं फक्त ‘वाशिमचा’ एवढंच ऐकू आलं. तेवढं पुरेसं होतं. ज्या जिल्ह्याचं नाव राज्याच्या बातम्यांत सोयाबीनचा भाव आणि पाणीटंचाई यांच्या पलीकडे फारसं येत नाही, तिथल्या नववीच्या पोरांनी ते नाव छातीशी धरलं. मी मंगरुळपीर तालुक्यात एका उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. स्वतः कधी लंगोट कसला नाही. अंगकाठीच तशी नाही. पण बघ्या म्हणून पस्तीस वर्षं काढली आहेत आणि बघ्याचीही काही मतं असतात.

माझं सगळ्यात जुनं मत असं की कुस्तीचा निकाल शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसला पाहिजे. हे मत मी कुठे वाचलं नाही, पोळ्याच्या करीला उचललं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावोगावी दंगल असते. नांगरटीच्या काळ्या वावरात मधली जागा भुसभुशीत करायची, भोवती दोरी, डफडंवाले एका अंगाला, पंच म्हणून गावातले दोन-तीन जुने पैलवान. आधी लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या, मग अकरा रुपये, एकवीस रुपये, मग कुणीतरी चेवाला येऊन इनाम वाढवणार. अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्या दिवशी ते दुपारनंतर बंद असायचं. मी त्यांच्या खांद्यावर बसून बघायचो. दोघं गुंतले की सगळं रान गप्प, आणि एकाची पाठ मातीला लागली की पंचाच्या आधी हजार माणसं ओरडायची. पाठीला चिकटलेली माती हाच पुरावा. हरलेला उठून चालायला लागला की ती माती सगळ्यांना दिसायची. त्याला अपील नव्हतं.

अर्थात लबाडी तेव्हाही होती. दोन पैलवान आधीच ठरवून यायचे, अर्धा तास एकमेकांच्या मानेवर हात टाकून फिरायचे, कुस्ती बरोबरीत सुटायची आणि इनाम वाटून घ्यायचं. लोक शिट्ट्या मारायचे, ढेकळं फेकायचे. उर्दूत याला ‘नूरा कुश्ती’ म्हणतात आणि हा शब्द आता कुस्तीपेक्षा राजकारणात जास्त चालतो. अब्बा मात्र अशा वेळी काही न बोलता मला खाली उतरवून घराकडे चालू लागायचे. शिट्टीसुद्धा त्यांना जास्त वाटायची.

दोन भाषा शिकवणाऱ्या माणसाला कुस्तीत एक वेगळी गंमत मिळते. पैलवान, वस्ताद, शागीर्द, जोर, सलामी हे सगळे शब्द फारसी-अरबीकडून आलेले. आखाडा, डाव, चितपट, लंगोट इकडचे. कुस्तीच्या हौद्यात दोघं एकमेकांच्या अंगाला माती लावतात तसे. ‘तालीम’ तर मला फार आवडतो. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे जोर-बैठकांची जागा, आणि नाटकाची असते तीही तालीमच. बी.एड.ला असताना मी एका मित्राला म्हणालो होतो की आपण तिन्ही करतो आहोत.

‘दंगल’ मात्र गोत्यात आणणारा शब्द आहे. आमच्या पोरांच्या कानाला दंगल म्हणजे कुस्त्यांचा फड. मराठी वर्तमानपत्रात दंगल म्हणजे फसाद. एकदा आठवीच्या वर्गात उताऱ्याचं वाचन चालू असताना ‘शहरात दंगल उसळली’ असं वाक्य आलं आणि एका मुलाने आनंदाने विचारलं, “सर, इनाम कितने का था?” काही मुलं हसली, काही हसली नाहीत. ज्यांना दोन्ही अर्थ माहीत होते ती हसली नाहीत. मी फळ्यावर दोन्ही अर्थ लिहून दिले आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळलो.

आता जुन्या कुस्त्यांबद्दल. गामा पैलवानाचं नाव घेतल्याशिवाय आमच्याकडे कुणी कुस्तीवर बोलत नाही, पण त्याची सगळ्यात गाजलेली कुस्ती ही माझ्या मते जगातली सगळ्यात कंटाळवाणी कुस्ती असणार. १० सप्टेंबर १९१०, लंडन. समोर पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को. गामाने त्याला सुरुवातीलाच खाली घेतलं आणि त्यानंतर सुमारे अडीच तास झिबिस्को पोटावर पडून राहिला. उठायचंच नाही, म्हणजे पाठ टेकायचा प्रश्नच नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. पुन्हा लढायचं ठरलं तेव्हा तो आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. लोक हे गामाचा विजय म्हणून सांगतात. मला त्या अडीच तासांत तिकीट काढून बसलेल्या माणसांची दया येते. पण ती कुस्ती संपली नव्हती. १९२८ च्या जानेवारीत पतियाळ्यात दोघं पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा दोघांचीही पन्नाशी आलेली. गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केलं. सतरा वर्षं अडकून पडलेला निकाल एका मिनिटात लागला. मला निवडायला सांगितलं तर मी लंडन सोडून पतियाळ्याला जाईन.

दारा सिंगबद्दल मात्र अब्बांचं आणि माझं कधी जमलं नाही. अब्बांनी तंबूतल्या टॉकीजमध्ये त्याचा १९६२ चा ‘किंग काँग’ बघितला होता आणि खऱ्या किंग काँगशी, म्हणजे त्या नावाच्या अवाढव्य पैलवानाशी, त्याच्या झालेल्या लढतींच्या गोष्टी ऐकल्या होत्या. १९६८ च्या मे महिन्यात दारा सिंगने मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवलं, ही त्यांच्या लेखी स्वातंत्र्यानंतरची दुसरी मोठी घटना. मी म्हणायचो, अब्बा, ती फ्रीस्टाईल होती, तिकिटांवर चालणारी. त्यात किती खरं आणि किती ठरलेलं कोण सांगणार? अब्बा म्हणायचे, “दारा सिंग को ठहराने की क्या ज़रूरत?” या युक्तिवादाला उत्तर नाही. तो माणूस खरोखरच ताकदवान होता, हे ठरवून लढला तरी खोटं होत नव्हतं. आजही आपल्या मराठी पेपरात ‘दोन गटांत फ्रीस्टाईल हाणामारी’ अशी बातमी येते. तो शब्द बातमीदारांच्या हाती त्याच काळातल्या कुस्त्यांनी दिला असावा, असा माझा अंदाज आहे.

आमच्या पिढीचा दारा सिंग केबलवर आला. नव्वदनंतर गल्लीत एका घरी केबल लागली आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ सुरू झालं. हल्क होगन, ब्रेट हार्ट, योकोझुना, अंडरटेकर. त्यांचे ट्रम्प कार्ड मिळायचे. उंची, वजन, छाती यांवर डाव चालायचा. इंग्रजीतले आकडे मी शाळेपेक्षा त्या पत्त्यांवर जास्त शिकलो. अंडरटेकर सात वेळा मरून जिवंत होतो, ही बातमी मंगरुळपीरला कुणी आणली ते कळलं नाही, पण तिच्याविषयी शंका घेणाऱ्या पोराला आम्ही खेळात घेत नव्हतो. सगळं ठरलेलं असतं हे कळलं तेव्हा फार वाईट वाटल्याचं आठवत नाही. त्या कंपनीने तर १९८९ मध्येच अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सरकारपुढे सांगून टाकलं होतं की हे मनोरंजन आहे, खेळाच्या मंडळाचे नियम आम्हाला लावू नका. नाटक म्हणून सांगून केलेलं नाटक मला चालतं. त्यात अंग मात्र खरं आदळतं.

त्यातली एक लढत मी अजून विसरत नाही. ९ नोव्हेंबर १९९७, मॉन्ट्रियल. ब्रेट हार्ट कंपनी सोडून चाललेला. समोर शॉन मायकल्स. ठरलं होतं एक, आणि मधेच मालकाने घंटा वाजवायला लावून ब्रेट हरल्याचं जाहीर केलं. ब्रेटने हार मानलीच नव्हती. म्हणजे नूरा कुस्तीत दगा! ठरवून खेळणाऱ्या पैलवानाची ठरवून फसवणूक. तो मालकाच्या तोंडावर थुंकला आणि ती थुंकी नाटकातली नव्हती. निकाल घंटेच्या हातात गेला की कुणाचंही असं होऊ शकतं, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

दुसरी गोष्ट मोहम्मद हसनची. २००५ मध्ये मी अकोल्याला बी.एड. करत होतो. तेव्हा त्या कार्यक्रमात हसन नावाचं पात्र होतं. ११ सप्टेंबरनंतर अमेरिकेत अरबांकडे आणि मुसलमानांकडे संशयाने बघितलं जातं, अशी त्याची तक्रार. तक्रार रास्त होती, आणि लिहिणाऱ्यांनी ती बरोबर खलनायकाच्या तोंडी घातली. तो रिंगणात आला की लोक हुर्यो करायचे. हे काम करणारा नट इटालियन वंशाचा होता, ही त्यातली आणखी एक मजा. मग त्याचे तोंड झाकलेले साथीदार अंडरटेकरवर हल्ला करतात असा भाग आधी चित्रित करून ठेवला होता, तो ७ जुलै २००५ ला अमेरिकेत दाखवला गेला. नेमके त्याच दिवशी लंडनमध्ये बाँबस्फोट झालेले. त्या महिन्यातच पात्र बंद केलं. खोलीतल्या मित्रांनी विचारलं, तुला राग नाही आला? मला त्या नटाची जास्त कीव आली. दोन महिन्यांपूर्वी पट्ट्यासाठी लढणारा माणूस एका रात्रीत दाखवण्यालायक राहिला नाही.

आताच्या पोरांचा सामी झेन आहे, सीरियन आईवडिलांचा, कॅनडात वाढलेला. २०२३ च्या मे महिन्यात जेद्दाहमध्ये त्याने रिंगणात उभं राहून अरबीत सलाम केला तेव्हा स्टेडियम फाटायचं बाकी होतं. माझ्या वर्गात त्याची क्लिप सगळ्यांकडे आहे. सगळं लिहिलेलं असतं हे त्यांनाही माहीत आहे. तरी नायकाच्या बाजूला आपल्यातला कुणी उभा आहे, यात त्यांना काय मिळतं ते मला कळतं.

हे सगळं सांगितलं ते जानेवारी २०२३ कडे येण्यासाठी. पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी. माती विभागात आपला, म्हणजे वाशिमचा, सिकंदर शेख विरुद्ध सोलापूरचा महेंद्र गायकवाड. जिंकणारा गदेसाठी लढणार. सिकंदर पुढे होता. महेंद्रने बाहेरची टांग मारली, सिकंदर पडला, आणि पंचांनी महेंद्रला चार गुण दिले. तिथे सामना फिरला. महेंद्र अंतिम फेरीत गेला आणि शिवराज राक्षेकडून हरला.

नियम असा की समोरच्याला उभ्या स्थितीतून थेट धोक्याच्या स्थितीत टाकलं, म्हणजे त्याची पाठ जमिनीकडे वळली, तर चार गुण. नुसतं खाली घेऊन ताबा मिळवला तर दोन. आता सिकंदर पडला तो पाठीवर की कुशीवर? पंचांना एक दिसलं, मोबाईलवर बघणाऱ्यांना दुसरं. मी ती क्लिप वीस-पंचवीस वेळा तरी बघितली असेल. माझ्या डोळ्यांना दोन गुण दिसतात. जाणकारांतही दोन तट होते, आणि महेंद्रचा डाव सुरेख होता हेही खरं. एका पंचांना धमकीचा फोन गेल्याची बातमी आली, ती वाचून लाज वाटली.

सोमवारी नववीच्या वर्गात शिरलो तर फळ्यावर ‘४’ लिहून त्यावर फुली मारलेली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी गप्प असणारा. म्हणाला, “सर, शेख है इसलिए हराया ना?”

व्हॉट्सअॅपवर हेच फिरत होतं, ते त्याने वाचलं होतं. पण फक्त वाचलं म्हणून तो बोलला नाही. त्याचा थोरला भाऊ पुण्यात कामाला गेला तेव्हा खोली बघायला हा बरोबर होता. खोली रिकामी आहे म्हणून सांगितलेलं, आणि नाव विचारल्यावर ती भरलेली निघाली. मला हे माहीत होतं. म्हणून ‘असं बोलू नये, बस खाली’ एवढ्यावर त्याला बसवता आलं नाही.

मी दोन मुलांना पुढे बोलावलं, टेबल सरकवलं आणि बाहेरची टांग म्हणजे काय, पाठ कुठे वळली की चार, कुठे दोन, ते हळूहळू करून दाखवलं. (दोघांनाही मजा आली, शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.) मग म्हणालो, पंचाला अर्धा सेकंद मिळतो, तुम्ही तीन दिवस बघताय. माझ्या मते निर्णय चुकला. नावामुळे चुकवला असं म्हणायचं तर पुरावा पाहिजे, तो माझ्याकडे नाही आणि तुमच्याकडेही नाही. मी त्यांना २०१८ सांगितलं. जालन्यात बाला रफिक शेखने पुण्याच्या अभिजित कटकेला ११-३ ने हरवलं होतं. त्याचे गुरू हिंदकेसरी गणपतराव आंदळकर त्याच वर्षी सप्टेंबरात वारले होते, आणि तो विजय त्याने त्यांना वाहिला. त्या दिवशी त्याला खांद्यावर घेणाऱ्या लोकांनी नाव विचारलं नव्हतं.

मुलाने ऐकून घेतलं. पटलं असं काही त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. ११-३ मध्ये कुणाला काही करता येत नाही सर, असं काहीसं तो पुटपुटला. यावर माझ्याजवळ लगेच उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्याचा मुद्दा बिनतोड आहे. फरक मोठा असला की नाव कुठलंही चालतं. गोष्ट केसावर आली की शंका सुरू होते.

माझं गुणांशी वैर नाही. गादी आणि गुण नसते तर खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले नसते. आपल्या पोरांना ऑलिंपिक हवं असेल तर दोन-चारचा हिशेब शिकावाच लागेल. पण महाराष्ट्र केसरी बघायला येणारी माणसं अजून करीच्या दंगलीतली आहेत. त्यांना पाठीवरची माती बघायची असते. हाणामाऱ्या, आरोप, धमक्या हे सगळं या दोघांमधल्या फटीतून बाहेर येतं, असं मला वाटतं.

त्याच वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, पुण्याजवळ फुलगावला पुन्हा महाराष्ट्र केसरी झाली. अंतिम लढत सिकंदर शेख विरुद्ध शिवराज राक्षे. सलामी झाली, हात मिळाले, आणि मी चष्मा पुसून लावेपर्यंत शिवराज खाली होता. झोळी डाव. अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट. शाळेला दिवाळीची सुट्टी होती, म्हणून पोरांचे चेहरे बघायचे राहिले. फोन मात्र रात्रभर वाजत राहिला. पतियाळ्याची कुस्ती मी बघितली नाही, ही बघितली.

आनंद आठवडाभर टिकला. कारण राज्यात कुस्तीच्या संघटना दोन, म्हणून त्याच महिन्यात धाराशिवला दुसरी महाराष्ट्र केसरी झाली आणि ती शिवराजने जिंकली. एका महिन्यात दोन केसरी. पोरं म्हणाली, सर, हे तर रॉ आणि स्मॅकडाऊन झालं, दोन कार्यक्रम, दोन पट्टे. मी काय बोलणार?

मग फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. पंचांनी शिवराज चीत झाल्याचं दिलं. शिवराजचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत. तो चिडला आणि त्याने पंचाला लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडही भांडून मैदान सोडून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी. लाथ मारणं वाईटच, त्याला माझ्याकडे माफी नाही. पण दोन वर्षांपूर्वी ज्या सामन्यावरून एवढं रान पेटलं त्यात जिंकलेला महेंद्र, आणि त्या वर्षी गदा नेणारा शिवराज, दोघंही आता ‘आमच्यावर अन्याय झाला’ म्हणत होते. मी मुद्दाम ती बातमी वर्गात वाचून दाखवली. तो मागच्या बाकावरचा मुलगा तेव्हा अकरावीला, दुसऱ्या कॉलेजात. त्याला बातमीचं कात्रण व्हॉट्सअॅपवर पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी त्याने मला शिवराजची क्लिप पाठवली, खांद्याच्या जागी लाल गोल काढून. खाली लिहिलेलं: “सर, एक कंधा तो नहीं लगा.”

यंदा पोळ्यानंतर नववीला निबंध दिला, ‘मी पाहिलेली कुस्ती’. अठ्ठावीस वह्या आल्या. नऊ जणांनी रोमन रेन्सवर लिहिलं आहे, पाच जणांनी सिकंदरवर, एका मुलीने घरातल्या दोन भावांच्या रिमोटवरच्या कुस्तीवर, आणि ती वही बरी आहे. एकाने मामाच्या गावी करीला झालेली शेवटची कुस्ती लिहिली. लाल जांघ्यावाला आणि निळा जांघ्यावाला. वीस मिनिटं चालली, पाऊस भुरभुरत होता, माती अंगाला चिकटत होती, शेवटी निळ्याने ढाक लावली. दोघांची नावं त्याने लिहिली नव्हती म्हणून समासात विचारलं, ‘पैलवान कोण होते?’ त्याने खाली लिहून आणलं की भोंगा खराब होता, ऐकू आलं नाही. शुद्धलेखनाच्या सहा चुका. दहापैकी आठ दिले.